क्षेत्र म्हणजे कुठले क्षेत्र?

11 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला; अंमल 15 तारखेपासून. तेव्हापासून मालवण-देवगड पट्ट्यात जुन्या याद्या सातबाऱ्याशी जोडून देण्याची कामे करणाऱ्यांची एकच तक्रार आहे: ‘ऑटो मॅप केले, सगळे हिरवे झाले, बेरीज मात्र जुळेना.’

जुळणार कशी? दोन तक्त्यांचे कॉलम आपोआप जोडणारे टूल मथळा वाचते, अर्थ नाही. इन्फॉर्मॅटिकाचे ऑटोलिंक नावावरून किंवा क्रमावरून चालते. टॅलेंडच्या टी-मॅपमध्ये त्यासाठी आयते बटण आहे. अझूर डेटा फॅक्टरीत मॅपिंग दिले नाही, तर कॉपी करताना नावाला नाव जोडले जाते. विक्रीच्या तक्त्याला हे पुरते, सातबाऱ्याला पुरत नाही.

‘क्षेत्र’ हा एकच कॉलम घ्या. 2020 च्या नव्या नमुन्यापासून सातबाऱ्यावर लागवडयोग्य क्षेत्र, पोटखराबा आणि दोन्हींची बेरीज असे वेगवेगळे आकडे येतात. शिवाय शेतजमीन हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, बिनशेती आर-चौरस मीटरमध्ये. शेतीच्या 0.12.50 मधले दुसरे टिंब उडवले की आकडा हेक्टरात बरोबर उतरतो. त्याच कॉलमात बिनशेतीचा 12.50 गेला, की साडेबारा आरांचे साडेबारा हेक्टर! भरीला हिस्सा नंबर: 12/3 एक्सेलमधून फिरून आला की 12 मार्च होतो.

कोकणाचे खरे दुखणे सामायिक खात्याचे. समजा, एका खात्यावर नऊ नावे आहेत आणि क्षेत्र 0.45.00. नव्या तक्त्यात माणशी एक ओळ हवी. ऑटो मॅपने तेच क्षेत्र नऊ वेळा उतरवले, की पंचेचाळीस आरांची जमीन चार हेक्टर पाच आर होते. कोणाचा हिस्सा किती, हे सामायिक नोंदीत लिहिलेलेच नसेल तर मशीनने ते आणायचे कुठून?

आणि नमुने पाठवणाऱ्या कचेऱ्यांचे काय? मथळा फक्त ‘क्षेत्र’. एकक नाही, पोटखराबा धरायचा की वगळायचा त्याचा उल्लेख नाही. फाइल परत येते तेव्हा शेरा असतो ‘त्रुटी’, पण कुठली ते सांगत नाहीत. मथळ्यापुढे ‘हेक्टर’ लिहायला कोणत्या नियमाने मनाई केली आहे?

हे तक्ते जुळवणारी आपलीही मंडळी काही कमी नाहीत. सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत त्याचा ठरलेला सरकारी क्रमांक, म्हणजे एलजीडी कोड, छापलेला असताना अजून ‘वेंगुर्ला’ आणि ‘वेंगुर्ले’ जुळवत बसतात.

पुढचा पेच किनाऱ्यावर उभा आहे. 22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. उद्या रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळे ओढणाऱ्यांची, यादी शेतकऱ्यांच्याच नमुन्यात मागितली, तर सर्व्हे नंबरच्या रकान्यात काय भरायचे? रापण तर सगळ्यांच्या वाटणीची, म्हणजे तिथेही सामायिक खातेच.

तेव्हा ऑटो मॅप वापरा, पण पहिल्या कच्च्या खर्ड्यापुरता. प्रत्येक कॉलमचा अर्थ आणि एकक लिहिलेला मॅपिंग तक्ता कामासोबत ठेवा, सर्व्हे आणि हिस्सा नंबर मजकूर म्हणूनच आयात करा, आणि गाववार क्षेत्राची बेरीज आधी व नंतर ताडून पाहिल्याशिवाय फाइल हातातून सोडू नका. तुमचे असे तक्ते खातेदारांची नावे काढून आमच्या मासिकाकडे पाठवा. आठही तालुक्यांचे आले, तर जिल्ह्याचा कॉलमकोश छापण्याची जबाबदारी आमची.