कानातली किरकिर आणि कानाची मशीन



सोयाबीनची मळणी उरकली, धुरळा खाली बसला, तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर काही जणांच्या कानातले यंत्र बंद होत नाही. कुणाला रातकिडे किरकिरल्यासारखे वाटते, कुणाला शिट्टी, कुणाला दूरवर इंजिन चालल्यासारखे. बाहेर आवाज काहीच नसतो. लोक काय म्हणतील म्हणून माणूस घरातही सांगत नाही. हा वेडेपणा नव्हे आणि बाहेरबाधाही नव्हे. डॉक्टर याला कर्णनाद म्हणतात.

सेलू तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी मागे मी जमिनीच्या तपासणीसाठी गेलो होतो. त्यांचे वय ५८, पंचवीस वर्षे स्वतःचा ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र. त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "साहेब, मालकांशी बोललेलं शेजाऱ्याला ऐकू जातं, यांना नाही. आता पारावरही जात नाहीत. रात्र रात्र बसून राहतात." कानात किरकिर आणि वर कमी ऐकू येणे, ही जोडगोळी बहुतेक ठिकाणी अशीच सापडते.

असे का होते ते समजून घ्या. प्रत्येक कानाच्या आत शंखासारख्या नळीत सुमारे १५ हजार बारीक केसाळ पेशी असतात. आवाज पकडून मेंदूकडे पोचवणे हे त्यांचे काम. उभ्या पिकातून एकदा जनावरे गेली तर आडवे झालेले पीक पुन्हा सावरते, पण रोज गेली तर ते मरते. या पेशींचे तसेच आहे. फरक इतकाच की मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे आवाज कमी पोचतो. रेडिओवर केंद्र नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो आणि खरखरच जास्त ऐकू येते. मेंदूही तसेच करतो. ती खरखर म्हणजे हा कर्णनाद.

८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालतो असे मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटे. बिनकेबिनचा ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र बहुधा ८५ च्या वरच असतात. मोजायचे यंत्र नको. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले की आवाज घातक समजावा. लग्नातला डीजे आणि पिठाची गिरणीही त्यातच धरा.

आता उपाय. आधी कान तपासून घ्या. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की काम होते. वय, रक्तदाब, काही औषधे, क्षयासाठी पूर्वी सर्रास दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन, यांचाही संबंध असू शकतो. म्हणून चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या, मात्र औषध मनाने बंद करू नका. कानात लसणाचे तेल, काडी, पीन घालू नये.

ऐकूही कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या कानाच्या मशीनचा, उपयोग होतो. मशीनने किरकिर बरी होत नाही. पण बाहेरचे बोलणे, पाखरे, पंखा पुन्हा ऐकू येऊ लागले की आतला आवाज त्यात बुडतो आणि मेंदूला जास्त ताणावे लागत नाही. मात्र श्रवणचाचणी करून आपल्या कानाप्रमाणे बसवलेलीच मशीन घ्यावी. बाजारातली कोणतीही आणून कानात घालू नये.

सुरुवातीला भांड्यांचा, बांगड्यांचा आवाज टोचतो. पहिल्या आठवड्यात घरातच तास-दोन तास लावावी, मग वेळ वाढवावी. सवयीला महिना-दोन महिने लागतात. आंघोळीला आणि फवारणीला काढून ठेवावी, घाम पुसून कोरड्या डबीत ठेवावी. मशीन म्हणजे कानाचे बूच नव्हे. मळणीवर मशीन काढून, कानावर आवाजरोधक मफ किंवा कानात बूच लावावे. नुसत्या कापसाचा उपयोग नाही.

रात्री खोली अगदी सुनसान ठेवू नये. पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ चालू द्यावा. ज्यांना फारच त्रास होतो त्यांना समुपदेशनाने आराम पडतो.

सेलूच्या त्या शेतकऱ्यांनी मशीन घेतली. दोन महिन्यांनी भेटले तेव्हा म्हणाले, "आवाज हायेच साहेब, पर आता त्याच्याकडं ध्यान जात नाही." पारावर पुन्हा बसू लागले आहेत.

परभणीच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. गरजूंसाठी १९८१ पासून केंद्राची एडिप योजना आहे, त्यासाठी अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी १९८३ पासून आहे.

एकाच कानात आवाज येणे, नाडीबरोबर ठोके पडणे, चक्कर किंवा पू येणे, ही लक्षणे असल्यास वेळ घालवू नये. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला की गेलेले परत मिळणे कठीण.

आणि घरच्या माणसांनी मागून हाका मारण्यापेक्षा समोर येऊन, सावकाश बोलावे. यात खर्च काहीच नाही.

पुढील अंकी: हरभऱ्याची पेरणी आणि बीजप्रक्रिया.