अझोला समजून दुसरंच काही तळ्यात सोडत नाही ना?

दुभत्या जनावरांसाठी अझोला लावायचा म्हणजे आधी मूठभर बेणं आणायचं. कुणी पाहुण्याकडून आणतो, कुणी मोबाईलवर मागवतो. खरी गडबड इथंच होऊ शकते. पाण्यावर तरंगणारं हिरवंगार नेचं म्हणजे अझोलाच, असं नाही. साल्विनिया नावाचं त्याचं भावंडही मत्स्यटाकीची शोभा म्हणून विकलं जातं.

ओळख अवघड नाही. अझोलाची पानं बारीक, खवल्यासारखी एकमेकांवर चढलेली. ऊन किंवा थंडी वाढली की लालसर होतात. साल्विनियाची पानं नखाएवढी ते रुपयाएवढी असतात, वर बारीक लव, पाणी टाकलं की थेंब घरंगळून जातो. दाटी झाली की पानं उभी दुमडतात.

साल्विनिया मूळ ब्राझीलचा. त्याला बी धरत नाही, पण तुटलेल्या एका तुकड्यातून तळं भरतं. केरळात त्याला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. आफ्रिकेचा काही संबंध नसताना! तिथं त्यानं भातखाचरं आणि कालवे गिळले. अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात सारणीच्या जलाशयावरही त्याची चादर पसरली होती. मजूर लावून काढणं परवडेना, तेव्हा जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयानं साल्विनियाच खाणारा एक भुंगा तिथं सोडला. गावतळ्याला असा भुंगा कोण आणून देणार? खाली उजेड आणि हवा पोचली नाही की मासे मरतात, आणि तळ्याचा ठेका घेणाऱ्यांचं वर्ष बुडतं.

आता अझोलाचंही थोडं खरं बोलायला हवं. त्याच्या पानात राहणारं शेवाळ हवेतला नत्र धरतं, त्यामुळं वाळलेल्या अझोलात 20 ते 25 टक्के प्रथिनं भरतात. जाहिरातीत हाच आकडा दिसतो. पण ताज्या अझोलात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. गाईला रोज 2 किलो घातला तरी कोरडा माल जेमतेम 125 ते 150 ग्रॅम, आणि प्रथिनं 30-35 ग्रॅम. म्हणजे मूठ-दीड मूठ पेंडीची भर. पेंड बंद करा म्हणणाऱ्याचं ऐकू नये. कोंबड्यांना मात्र चांगला चालतो.

ताडपत्रीचा खड्डा, चाळलेली माती, शेणकाला, थोडं सुपर फॉस्फेट, वीतभराहून कमी पाणी आणि वर सावली, एवढ्यावर तो वाढतो. मराठवाडा-विदर्भाच्या मे महिन्यात सावली नसेल तर जळतोच. जनावरापुढं टाकण्याआधी दोन-तीनदा धुवावा, नाहीतर शेणाच्या वासानं ते तोंड लावत नाही.

खड्डा शेततळ्यापासून आणि ओढ्यापासून लांब ठेवावा. नवं बेणं आधी टबात आठवडाभर ठेवून पानं नीट बघावीत. नखाएवढं लव असलेलं पान दिसलं, तर सगळं बाहेर काढून उन्हात कडकडीत वाळवावं. ओढ्यात फेकू नये.