बाराने भागलेले वर्ष

एप्रिल उजाडला की विक्री-प्रतिनिधींच्या हाती कंपनीचा एक कागद पडतो. गतवर्षीच्या विक्रीत काही टक्के मिळवून काढलेला आकडा, त्याला बाराने भागून पाडलेले महिने आणि तळाशी सहीसाठी मोकळी जागा. यालाच बहुतेक ठिकाणी ‘वार्षिक योजना’ म्हटले जाते. वास्तविक ही योजना कंपनीची असते. आपला भाग, आपले ग्राहक आणि आपला घरखर्च डोळ्यांपुढे ठेवून विक्रेत्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली योजना फार थोड्यांजवळ आढळते. ज्याची चूल कमिशनवर पेटते त्याला तर तिची गरज पगारदाराहून अधिक.

बाराने भागण्याची ही रीत किती फसवी आहे, हे जयपूरच्या बाजारात चांगले दिसते. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरात जोहरी बाजाराची रत्ने व दागिने, सांगानेर आणि बगरूचे ठशांनी छापलेले कापड, वजनाने हलकी पण ऊबदार रजई असा नाना तऱ्हेचा माल विकला जातो. आणि प्रत्येक मालाचे वर्ष निराळे असते. आखा तीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, हा राजस्थानात वेगळा मुहूर्त न पाहता लग्न लावण्याचा दिवस. त्याच्या आधीचे पंधरा दिवस सराफाला आणि कापडवाल्याला उसंत नसते. पुढे चातुर्मासात लग्ने थांबतात, ती देवउठनी एकादशीपर्यंत. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत मलमास, म्हणजे पुन्हा शांतता. परंतु तेच दिवस पर्यटकांच्या गर्दीचे! एकाच गल्लीत वधूचे दागिने विकणारा हात बांधून बसलेला आणि शेजारचा चांदीच्या खड्याच्या अंगठ्या विकणारा जेवायलाही न उठणारा, असे दृश्य तेथे दिसते. या दोघांना माल पुरविणाऱ्या प्रतिनिधींना डिसेंबरचे एकच उद्दिष्ट देण्यात कोणते शहाणपण?

त्यातही पंचांग दरवर्षी जागा बदलते. २०२२ मध्ये दिवाळी २४ ऑक्टोबरला होती, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, कारण त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. २०२३ च्या ऑक्टोबरची तुलना आदल्या ऑक्टोबरशी करून ज्या प्रतिनिधींना बोल लावले गेले असतील, त्यांचा अपराध एवढाच की अधिक मास त्यांच्या हातात नव्हता. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र यांच्या अस्तामुळे विवाहमुहूर्तच जवळजवळ नव्हते. या गोष्टी पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात. महाराष्ट्रातून बदलून गेलेल्याची तर आणखी एक गंमत होते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तेथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. दिवाळी मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी. हे न कळल्यास पहिल्या वर्षीची फिरतीच चुकते.

योजनेचे गणित अवघड नाही. रजया व छापील चादरी विकणारा एक प्रतिनिधी कल्पावा. त्याला वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये मिळायला हवेत आणि कमिशन ४ टक्के आहे, तर विक्री १ कोटी २० लाखांची हवी. सरासरी मागणी ४० हजारांची धरली, तर ३०० मागण्या. पाच भेटींमागे एक मागणी मिळत असेल, तर १,५०० भेटी. कामाचे दिवस २४० धरले, की रोज सहा-सात भेटी. येथवर सारे सोपे वाटते. पण रजईचा दुकानदार थंडीपूर्वीच माल भरतो. निम्म्या मागण्या त्या साठ दिवसांत मिळवायच्या, तर रोज बारा-तेरा दुकाने गाठावी लागतील. बडी चौपडच्या गर्दीत ते शक्य नाही. म्हणजे ओळखीच्या, नमुने दाखविण्याच्या भेटी मे-जूनच्या उन्हातच उरकायला हव्यात, जेव्हा एकही मागणी पदरात पडत नाही. कंपनीच्या कागदावर ते महिने नापासाचे ठरतात. विक्रेत्याच्या स्वतःच्या वहीत मात्र ते पेरणीचे असतात.

दुसरी बाजू पैशांची. कमिशन बहुधा वसुलीनंतर मिळते. सप्टेंबरची मागणी, ऑक्टोबरचा माल, डिसेंबरची वसुली, जानेवारीचे कमिशन. मुलांची फी मात्र उन्हाळ्यात भरायची, आणि आगाऊ प्राप्तिकराचा पहिला हप्ता १५ जूनला. ज्याने हे आधी मांडलेले नसते तो क्रेडिट कार्डाच्या व्याजावर उन्हाळा काढतो, आणि मग मार्चमध्ये नको असलेला माल ओळखीच्या दुकानदाराच्या गळ्यात मारतो. तो एप्रिलमध्ये परत येतो आणि सोबत दुकानदाराचा विश्वासही घेऊन जातो. बँकांच्या दारातही हे चित्र अपरिचित नाही. मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी आलेल्या वृद्ध ठेवीदाराला मार्चअखेर विमा पॉलिसी विकली जाते, ती याच आकड्याच्या धाकाने. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे तेव्हा सहसा कोणी सांगत नाही.

कंपन्यांना दोष देताना बँकांनी आपली एक सवयही तपासावी. शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड सुगीचा काळ पाहून ठरविली जाते. कमिशनवर जगणाऱ्याचे उत्पन्न तितकेच हंगामी असते. त्याच्या गृहकर्जाचे मात्र बारा सारखे हप्ते पाडले जातात. शाखेत असा अर्जदार आला, की विवरणपत्रांतील वार्षिक बेरीज पाहिली जाते. ती बेरीज कोणत्या महिन्यांत जमली, हे क्वचितच विचारले जाते. तीन वर्षांच्या महिनावार नोंदी आणि येत्या वर्षाची हाताने लिहिलेली योजना त्याने टेबलावर ठेवली, तर जानेवारी ते मार्च मोठा हप्ता आणि उन्हाळ्यात लहान, अशी मांडणी करून देण्याचा विचार तरी व्हावा. तोपर्यंत अशा विक्रेत्याने जानेवारीत जमा होणाऱ्या कमिशनमधून एप्रिल ते ऑगस्टच्या पाच हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला काढणे, एवढे त्याच्या हाती उरते.