वर्ग बंद पडला तरी अभ्यास चालू राहावा

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि महाविद्यालये पाहता पाहता ऑनलाइन झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा मात्र वडोदऱ्यातील कित्येक घरांत वीजच नव्हती. मग ऑनलाइन तास कसला? थेट तास म्हणजेच ऑनलाइन शिक्षण, हा समज आता सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थेट तासाला वीज, नेट आणि मोकळा फोन ही तिन्ही एकाच वेळी लागतात. घरात भावंडे दोन आणि फोन एक असेल, तर एकाचा तास बुडतोच. टिपणे व ध्वनिमुद्रित व्याख्याने आधीच उतरवून घेतलेली असली, तर नेट गेले तरी अभ्यास अडत नाही. म्हणून सत्रारंभीच काही आठवड्यांचे साहित्य विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे आणि संकटकाळात हजेरीची सक्ती शिथिल करावी, ही आमची मागणी आहे.

मराठी विषय घेणाऱ्या मुलांची अडचण याहून मोठी. येथे मराठी पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. ग्रंथालयाला कुलूप लागले की त्यांचा अभ्यासच थांबतो. त्यांचे साहित्य प्रथम तयार व्हावे.

सयाजीराव महाराजांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात. वाचकाने ग्रंथालयापर्यंत येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. मते मागायला दारी येणाऱ्यांना समाजबांधवांनी एवढेच विचारावे : पुढच्या पुराआधी आमच्या मुलांची पेटी भरलेली असेल काय?