आमवातातील मनगट : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

मागील महिन्यात एका व्यापारी कुटुंबातील सूनबाई सासूबाईंना घेऊन आल्या. आमवात २२ वर्षांचा. वेदनेची त्यांना सवयच झाली होती. परंतु चार दिवसांपूर्वी करंगळी व शेजारचे बोट एकाएकी उचलेनासे झाले. "लकवा तर नव्हे ना?" हा घरच्यांचा पहिला प्रश्न.

लकवा नव्हता. मनगटाच्या मागे, करंगळीच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो, तो आमवातात झिजून खरखरीत होतो आणि त्यावर घासून बोटे उचलणाऱ्या कंडरा एकामागून एक तुटतात. वॉन-जॅक्सन यांनी १९४८ मध्येच याचे वर्णन केले आहे. वेळीच ते टोक काढले असते तर काम लहान होते. आता शेजारच्या कंडरेची मदत घ्यावी लागली.

"मनगट पूर्वीसारखे वळेल का?" असे सर्वच विचारतात. १० वर्षांनी या हाताने काय करता येईल, असे मात्र क्वचितच कोणी विचारतो. सुजलेले अस्तर काढल्याने वेदना पुष्कळदा काही वर्षे शमते, तरी हाडांची झीज चालूच राहू शकते. कारण रोग सर्व शरीराचा आहे. मनगटाची हाडे जोडून ते स्थिर करण्याच्या नावानेच लोक दचकतात; परंतु दीर्घकालीन आरामाचा अधिक भरवसा त्यातच आहे. मनगट वाकत नाही. पण तळहात उलटा-सुलटा करण्याची क्रिया मनगटाच्या वाकण्यावर अवलंबून नाही, म्हणून किल्ली फिरवता येते, वहीवर सहीही होते. वंदन करताना कोपरे थोडी जवळ आणावी लागतात, इतकेच. कृत्रिम सांधा हालचाल राखतो, मात्र वर्षे सरतात तसा तो हाडात सैल होऊ शकतो. मग पुष्कळदा शेवटी मनगट जोडावेच लागते, आणि तेव्हा हाड कमी उरलेले असते.

दोन्ही मनगटे बिघडली असतील, तर शौचानंतरच्या स्वच्छतेचा विचार करूनच जोडण्याचे कोन ठरवावे लागतात. संकोचामुळे हा विषय घरात निघत नाही. तो सर्जनपुढे अवश्य काढावा.

मेथोट्रेक्सेट व त्यानंतरच्या औषधांमुळे अशा शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा कमी लागतात. ती औषधे "उष्ण पडतात" म्हणून आपल्या मनाने थांबवणारी घरे मात्र आजही भेटतात.

सासूबाईंची बोटे आता उचलली जातात, थोडी कमी. शस्त्रक्रियेपूर्वी सुजेमुळे सोन्याच्या बांगड्या कापाव्या लागल्या, याचेच दुःख त्यांना अधिक आहे.