बंद डब्यातला पहिलवान म्हणजे एफडी नव्हे!

स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ दे.

परवा ओळखीतला एक कॉलेजचा पोरगा घरी आला. पिशवीत सहा डबे, सगळे डब्ल्यूडब्ल्यूईचे पुतळे, एकही न फोडलेला. सुट्टीत काम करून साठवलेले सगळे पैसे त्यात घातलेले. मला विचारतो, "दादा, पाच वर्षांत दुप्पट होतील ना?" विकणाऱ्यानं तसं सांगितलं होतं म्हणे. नाव लिहीत नाही, कारण असं सांगत फिरणारा तो एकटा नाही.

आता जरा हिशोब बघू.

१९८४ ते ८९ या काळात एलजेएन कंपनीनं भरीव रबराचे मोठे पहिलवान काढले. १९९० ते ९४ मध्ये हॅस्ब्रोनं साडेचार इंची, स्प्रिंगवर हात मारणारे काढले. त्यातल्या काहींना आज चांगला भाव येतो, खरंय. पण का येतो? कारण तेव्हाच्या पोरांनी ते फोडले, आपटले, मातीत खेळवले, हरवले. न फोडलेले राहिले ते चुकून. आज मॅटेलचा डबा घेणारे कित्येक जण तो कपाटात जपून ठेवतात. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होईल राव? वर २०१७ पासून मॅटेलनंच जुन्या हॅस्ब्रोच्या धाटणीचे नवे पुतळे काढले. मागणी दिसली की कंपनी पुन्हा साचा लावते. सोन्याचं तसं नसतं.

दुसरी थाप ड्युटीची. "खेळण्यांवर ७० टक्के ड्युटी आहे, भाव चढतच जाणार." आयात ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेली, हे खरंय. पण कर भरला म्हणून वस्तूची किंमत वाढत नाही, फक्त तुमचा खर्च वाढतो. उद्या विकायला काढाल तेव्हा अमेरिकेतला गिऱ्हाईक तुमची ड्युटी कशाला देईल? त्याला तोच पुतळा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. राहिलं इथलं गिऱ्हाईक, ते मूठभर.

आणि गंमत बघा. २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्क विचारला की हेच लोक म्हणतात, "हे खेळणं नाही, कलेक्टर आयटम आहे." आणि दिवाळीत त्याच डब्यावर लिहितात, "मुलांसाठी बेस्ट गिफ्ट"! एकदा काय ते ठरवा.

घ्यायचाच असेल तर चार गोष्टी बघा. अंगावरचं बारीक अक्षरातलं साल हे कॉपीराइटचं असतं, बनवल्याचं असेलच असं नाही, त्यावरून "जुना पीस" मानू नका. नाक, बोटं, बुटांची टोकं इथला रंग बघा. सगळीकडे झिजलाय आणि तिथंच चकचकीत असेल तर पुन्हा रंगवलाय. हॅस्ब्रोची स्प्रिंग चालवून बघा. डबा बंद असेल तर प्लॅस्टिक पिवळं पडलंय का, पुठ्ठा मुडपलाय का ते बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. प्रत्यक्षात विकला गेला तो भाव. विकणाऱ्याकडे त्याचा पुरावा मागा, बघा कसा विषय बदलतो.

"आपल्या तालमीच्या गावात हे विदेशी प्लॅस्टिक कशाला?" असंही कुणीतरी खाली लिहीलच. अहो, नव्वदीत शाळेत दप्तरात ट्रंप कार्ड लपवून अंडरटेकरवर पैज लावणारे आपणच होतो की! छंदाला माझा विरोध नाही. माझ्याकडेही शोकेस आहे. फक्त ती शोकेस आहे, लॉकर नाही.

त्या पोराला मी एकच सांगितलं. दोन आवडीचे ठेव, फोड आणि खेळ. बाकीचे मिळेल त्या भावाला विकून फी भर. त्यानं माझ्यासमोरच एक डबा फोडला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू आलं.

ज्यांनी पोरांना "गुंतवणूक" म्हणून विकलंय, त्यांनी दिलेल्या किमतीला परत घेऊन दाखवावं. आहे तयारी? कमेंटमध्ये सांगा.

पटलं तर पुढे पाठवा. कुणाचे तरी पैसे वाचतील.