लवंगेला किती गुण?

मराठीत 'गुण' हा शब्द मोठा मौजेचा आहे. पदार्थाच्या अंगी गुण असतो, विद्यार्थ्याला गुण मिळतात आणि औषधाचा गुण येतो. आमची भाषा क्रियापद बदलून या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवते. बाजाराला मात्र एवढे व्याकरण परवडत नाही.

दिवाळीच्या भेटीचे डबे पाहा. सुक्या मेव्यावर, चहावर, कसल्याशा चूर्णावर 'अँटिऑक्सिडंटांनी भरपूर' असे छापलेले असते. हे प्रकरण आहे तरी काय? चिरलेले सफरचंद काळे पडते, डब्याच्या तळाशी राहिलेली चकली खवट होते. ही सारी ऑक्सिजनची करणी. सफरचंदाच्या फोडीवर लिंबू पिळले की ती काही वेळ पांढरी राहते. ऑक्सिजनच्या या उद्योगाला आवर घालणारी जी द्रव्ये, ती अँटिऑक्सिडंट. असले उद्योग आपल्या शरीरातही चालू असतात. तेव्हा ही द्रव्ये पोटात गेली की तेथेही आवर बसेल, असा तर्क कोणीही करील.

मग मोजदाद सुरू झाली. 'ओरॅक' नावाची एक पद्धत फार गाजली. चमकणारे एक रंगद्रव्य नळीत घ्यायचे, नळी ३७ अंशांवर म्हणजे अंगाच्या उबेइतकी ठेवायची आणि त्यावर एक नासधूस करणारे रसायन सोडायचे. चमक मावळू लागते. त्यात एखाद्या पदार्थाचा अर्क घातला, तर ती जितकी टिकून राहील तितके त्या पदार्थाला गुण. २००७ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने २७७ खाद्यपदार्थांचा असा निकालच जाहीर केला. दर शंभर ग्रॅममागे ब्लूबेरी या फळाला साडेसहा हजारांच्या आसपास गुण, तर आपल्या लवंगेच्या पुडीला तीन लाखांवर! आता शंभर ग्रॅम लवंगा खाणारा वीर मला तरी भेटलेला नाही. घरभराच्या मसालेभाताला चार-सहा लवंगा पुरतात.

उत्तरपत्रिका तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे गुणांचे मला फारसे अप्रूप नाही. व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा घरी चांगले पत्र लिहीलच, असे नाही. नळीतल्या परीक्षेचेही तसेच. यांतली कित्येक द्रव्ये आतड्यातून रक्तात फार थोडी उतरतात, आणि उतरतात तीही आतडे व यकृत यांच्या हातून रूप पालटूनच. २०१२ साली त्याच कृषिखात्याने ती यादी मागे घेतली. या आकड्यांचा शरीरावरील परिणामाशी संबंध नाही आणि माल खपवण्यासाठी त्यांचा गैरवापर होतो, असे कारणही सांगितले.

एवढ्यावर भागले असते, तर पैसे वाया गेले म्हणून सोडून देता आले असते. पण फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या काही वर्षे रोज दिल्या होत्या. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, ही आशा. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो रोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला.

म्हणून कोणी गाजराशी वैर धरू नये. फळे-भाज्या खाणाऱ्यांची प्रकृती बरी राहते, हे पुष्कळ पाहण्यांतून दिसले आहे. पण ते श्रेय अख्ख्या ताटाचे, एका द्रव्याचे नव्हे. घरातला विडी-सिगारेट ओढणारा माणूस 'गोळी चालू आहे' म्हणून निर्धास्त झाला असेल, तर मात्र त्याला फिनलंडची ही हकिकत जरूर सांगावी. आणि डब्यावर मोठा आकडा दिसला, तर दुकानदाराला एवढेच विचारावे: 'गुण मिळाले ते समजले; गुण कोणाला आला?'